न गाळलेली गंगा

आमच्या घरात सोयरीक जुळवताना झाली नसेल एवढी चौकशी पाण्याची होत असे. परसात आमचा स्वतःचा आड होता, भर उन्हाळ्यातही न आटणारा, पण त्याचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर उकळली तरी दाणा जसाच्या तसा. वरण म्हणून ताटात यायचं ते वर पाणी आणि खाली डाळ. अंगाला साबण लावावा तर फेसाऐवजी दह्यासारख्या कवड्या निघत, न्हाल्यावर केसांत फणी शिरत नसे. पाणी तापवायच्या हंड्याच्या आत पांढरा थर बसे, तो आप्पा, म्हणजे माझे वडील, दर दिवाळीला उलथन्यानं खरवडत आणि म्हणत, "निम्मा हंडा तांब्याचा, निम्मा चुन्याचा." गावाबाहेर जनवाड्याच्या वाटेवर दगडी पायऱ्यांची एक बारव होती, तिला गोडी बारव म्हणत. तिच्या पाण्यात डाळ दोन उकळ्यांत मऊ होई. सगळा गाव त्या पाण्यावर जगत होता. आडाच्या पाण्याला चिकटून बसलेलं घर गावात एकच, आमचं, आणि त्याला कारण माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणत असू.

जड पाणी हलकं करणं हा अव्वाचा रोजचा व्याप होता. दिवेलागणीच्या आधी ती विरलेला चुना एका गाडग्यात कालवून ठेवी. तो खाली बसला की वरची निवळी रांजणात ओती आणि रवीच्या दांड्यानं ढवळी. पाणी पांढरंफेक होई. सकाळी रांजणाच्या तळाशी साका बसलेला असे आणि वर नितळ पाणी. तळ न ढवळता ते काढून घ्यायचं काम अक्काचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, कारण माझा हात धसमुसळा. मग तिवईवर एकावर एक तीन मडकी: वरच्यात कोळसा, मधल्यात मांजरा नदीच्या पात्रातली धुतलेली वाळू, दोन्हींच्या बुडाला भोक, आणि खालच्याच्या तोंडाला धोतराचं दुहेरी फडकं. दिवसभर त्या कोपऱ्यातून टिप् टिप् आवाज येत राही. घरात कुणी बोलेनासं झालं की तो आवाज मोठा वाटे, आणि पुढे एक वर्ष असं आलं की घरात तोच जास्त ऐकू येई. एवढा सगळा उपद्व्याप करून, वर चिमूटभर पापडखार टाकूनही, आमचं वरण शेजारच्या वरणाच्या पासंगाला पुरत नसे. मला त्याचा फार राग येई. शेजारी जेवायला बसले की मी मुद्दाम त्यांच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहत असे. आता कलबुर्गीला मुलाच्या घरी भिंतीवर यंत्र आहे. बटण दाबलं की पाणी येतं, बिघडलं की ते चिवचिवाट करतं. सून म्हणते, तुमच्या वेळी बरं होतं, सगळं शुद्ध होतं. मी हसते आणि विषय बदलते.

गोड पाण्याचं देणं गाव उन्हाळ्यात फेडत असे. चैत्र सरला की ओट्याओट्यांवर माणसं पाय पसरून बसलेली दिसत. घोट्यावर नाहीतर पोटरीवर आधी फोड येई, मग फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी तोंड काढी. तो नारू. काडीला गुंडाळून रोज सुटेल तेवढाच ओढायचा. ओढता ओढता तुटला तर आत उरलेला तुकडा पाय सडवी. ऐन मशागतीच्या दिवसांत धडधाकट माणसं अशी पायाला काडी बांधून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे केविलवाणं बघत. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे देवीचं काही चुकलं. अव्वा म्हणे, पाणी. तिच्या माहेरी अशीच बारव होती. तिच्या डाव्या घोट्याजवळ चवलीच्या नाण्याएवढा डाग होता, आणि तिच्या पाठच्या भावाचा नारू तुटला होता. त्या भावाबद्दल ती एवढंच सांगे, "पाय काळा पडला. मग त्यो गेला." तिच्या आजीनं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न उकळता प्यायचंच झालं तर दुहेरी फडक्यातनं गाळून प्यायचं, आणि ज्याला नारू झाला त्याला काही झालं तरी पायऱ्या उतरू द्यायच्या नाहीत, पाय बुडाला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात.

"आज पिला म्हणून उद्या कळत न्हाई," अव्वा सांगे. "वरीसभर आत गुमान बसतंय ते. पुढल्या उन्हाळ्याला तोंड काढतंय."

गाव हसे. आप्पांची थोरली बहीण, आमची आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याच घरी होती. तीही हसे. पण लिंगपूजेचं पाणी ती स्वतः गाळून घेत असल्यामुळे गाळण्याला तिची ना नव्हती. आमच्या घरात नारू कधी निघाला नव्हता. आत्या त्याचं श्रेय पूजेला देई, अव्वा फडक्याला, आणि त्यावरून दोघींचं कधी वाजलं नाही.

अक्काचं लग्न ठरलं ते राजेश्वरच्या पलीकडच्या एका लहान गावात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अक्काची नातवंडं नांदतात. बघायला आलेल्या मंडळींना अव्वानं शेती किती, बैल किती, हे विचारलं नाही. आतून निरोप पाठवून विचारलं, पाणी कोणतं? तिकडचे म्हातारे खूश झाले. त्यांच्याकडेही बारव होती, पाणी गोड, आणि गावात कुणाच्या पायाला काडी बांधलेली कुणी पाहिली नव्हती. त्यांना त्याचा गर्व होता. अव्वानं मग पोहे करायला घेतले. त्या संध्याकाळी ती अक्काच्या केसांना तेल लावताना म्हणाली, "तुला तरी मऊ वरण मिळंल." ती एवढी खुशीत असलेली मी क्वचितच पाहिली होती.

लग्न वैशाखात झालं. गोडी बारव पार तळाला गेली होती, शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. होळग्यांची, म्हणजे पुरणपोळ्यांची, हरभऱ्याची डाळ शिजवायला बारवेचंच पाणी आणलं, कारण आडाच्या पाण्यात ती लग्न उरकून वरात निघाली तरी शिजली नसती. उकळत्या पाण्याची अव्वाला भीती नव्हती. भीती कळशीची होती. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी सुवासिनी वाजतगाजत जाऊन बारवेची पूजा करतात आणि तिथलं पाणी कळशीत भरून मांडवात आणतात. विभूती लावून, विड्याची पानं घालून, नारळ ठेवून ती कळशी पुजली की तिची गंगा होते. मग नवरानवरीनं एक एक ओंजळ प्यायची, मागून घरच्यांनी. कळशी पुजून झाली तेव्हा अव्वा धुतलेलं फडकं घेऊन आत्याजवळ गेली.

"वन्सबाई, एवढं गाळून देते."

"कामून?"

"बारवंचं कच्चं पाणी हाय. त्यात उन्हाळा."

"पूजा व्हायच्या आधी पाणी होतं," आत्या म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण मांडवातल्या बायकांनी माना वळवल्या. "आता गंगा हाय ती. गंगा गाळायलीस? आईला कुणी पारखून घेतंय का?"

नवऱ्या मुलाची आई, अव्वाची होऊ घातलेली विहीण, शेजारीच उभी होती. तिनं अव्वाच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्यात बी गाळत न्हाईत, ईहीणबाई." आप्पा अक्षतांचं ताट घेऊन आले होते. त्यांनी अव्वाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. "राहू दे," ते म्हणाले. "चूळभर तर पाणी हाय. शुभ घडीला वाद नगं." अव्वानं फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली.

अक्का प्यायली, दाजी प्यायले. दाजी उंच, हसतमुख माणूस, त्यांनी ओंजळ अशी उचलली की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं आणि सगळे हसले. आप्पा प्यायले, आत्या प्यायली. मी प्याले. पाणी खरंच गोड होतं. मी पुन्हा हात पुढे केला तर आत्यानं चापट मारली. सगळ्यांत शेवटी अव्वानंही ओंजळ पुढे केली. लेकीच्या पोटात जे गेलं ते आपण टाळायचं नाही, असं तिला वाटलं असावं. मी तिच्याकडे बघत होते. ती पाणी प्यायली आणि डोळे मिटून उभी राहिली.

त्यानंतरचं वर्ष मला नीट आठवतं ते अव्वाच्या नजरेमुळे. ती माणसांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली, पायांकडे बघे. मी शाळेतून आले की पायावर पाणी ओतायला स्वतः तांब्या घेऊन येई आणि घोट्यावरून, पोटरीवरून अंगठा फिरवी. निजामाचं राज्य जाऊन आमची शाळा तेव्हा उर्दूची मराठी होत होती. मास्तर नवे, पुस्तकं नवी, पोरं दिवसभर गोंधळ घालायची, आणि त्या हसण्याखेळण्यातून घरी यावं तर अंगणात अव्वा तांब्या घेऊन उभी. पंचमीला अक्का माहेरी आली, तिचेही पाय धुतले गेले. अक्कानं पाय पुढे केले. तिला सगळं माहीत होतं. पंचमीला काही दिसायचं नाही हेही दोघींना माहीत होतं, तरी धुतले. दिवाळीला दाजी आले. मऊ गादीवर बसून त्यांनी होळग्यांवर ताव मारला. अव्वा दाराआडून आप्पांना म्हणाली, "जावयाला सांगून ठेवावं. पायात काय निघालं तर पाण्यात उतरू नगा म्हणावं."

"दिवाळीला बोलावलेल्या जावयाला सांगू, तुमच्या अंगात किडा हाय म्हणून?" आप्पा म्हणाले. "आमच्याच घरी पिलाव म्हणून? शोभतंय का?"

ते शोभत नव्हतं हे खरं. कुणी सांगितलं नाही. दाजी हसत आले तसे हसत गेले. संक्रांत झाली, शिमगा झाला, ऊन तापू लागलं. आत्याचं पूजापाठ वाढलं. ती आता अव्वाच्या नजरेला नजर देत नसे, आणि मला पहिल्यांदाच तिची भीती वाटण्याऐवजी कीव आली. ओट्यांवर माणसं पाय पसरून बसू लागली.

फोड आला तो आप्पांच्या पोटरीवर. सकाळी ते गुपचूप परसात बसून तिथं कडुलिंबाचा पाला बांधत होते, अव्वानं पाहिलं. तिनं पाला सोडला, बघितलं, आणि पुन्हा बांधला. रडली नाही, भांडली नाही. त्या घरातला तो पहिला नारू. आत्या कोपऱ्यात उभी राहून नुसती "शिवा, शिवा" म्हणत होती. मला वाटलं आता अव्वा तिला काहीतरी बोलणार. अव्वा आप्पांना म्हणाली, "तुमचं मी बघून घेते म्हणले असते, पर आता वेळ न्हाई. वन्सबाई बघतील. मी राजेश्वरला जायलेय."

"पोरीच्या पायासाठी?"

"पोरीला ठावं हाय काय करायचं ते. जावयाला कोण सांगितलंय? आग आग होती बघा अंगाची, माणूस गार पाण्याकडं धावतंय. ते पाणी साऱ्या गावाचं हाय. माझी लेक बी तेच पितीया."

सोबत म्हणून मला घेतलं. बिदरपासून मोटार, पुढे कुणाची तरी ज्वारी पोचवायला निघालेली बैलगाडी. शिदोरीची भाकरी आणि जवसाची चटणी मी एकटीनंच खाल्ली. वाटेत प्रत्येक गावाच्या विहिरीकडे ती मान वळवून बघे. गाडीवान म्हणाला, बैल दमलेत, झाडाखाली सोडू. अव्वा म्हणाली, "पुढं सोडा," आणि तो का कोण जाणे, मुकाट्यानं पुढे गेला.

अक्का दारातच भेटली. तिच्या हाताला पीठ होतं. तिचे पाय बघायच्या आधी अव्वानं विचारलं, "जावईबापू कुठं?"

अक्काचा चेहरा उतरला. दाजींच्या घोट्यावर दोन दिवसांपूर्वी फोड आला होता. सासू म्हणे काटा रुतलाय, काही होत नाही. अक्कानं ओळखलं होतं. दोन दिवस ती घागरीतलं पाणी त्यांच्या पायावर ओतत होती, खाली टोपलं ठेवून, आणि ते पाणी उकिरड्यावर नेऊन टाकत होती. सासू विचारे, हे काय खूळ? अक्का सांगे, नारू हाय, बारवेत उतरू देऊ नगा. सासूला ती शिवी वाटली. आत्ता अक्का भाकरी थापत होती तेवढ्यात दाजी उठून गेले होते. "आग सहन हुईना म्हणले," अक्का म्हणाली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अव्वा वाटेला लागली होती. बारव कुठे हे तिला विचारावं लागलं नाही, घागरी घेतलेल्या बायका तिकडूनच येत होत्या.

दाजी शेवटच्या पायरीवर बसले होते, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडून. दोन हातांवर बायका घागरी भरत होत्या. अव्वा आलेली बघून ते ओशाळले, पण पाय काही त्यांनी वर घेतला नाही. "या की अव्वा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतकं सुख होतं की मला अजून ते तोंड दिसतं. "दोन दिस झोप न्हाई बघा. आत्ता कुठं आग थांबली."

त्यांच्या घोट्याजवळ पाण्यात काहीतरी पांढुरकं पसरत होतं, चुन्याची निवळी ओतल्यावर दिसे तसं. अव्वानं पायऱ्या उतरून जावयाचा दंड धरला. आमच्याकडे सासू जावयासमोर पदर सोडत नाही, मोठ्यानं बोलत नाही, आणि ती चारचौघींसमोर त्यांना धरून ओढत होती. पदर खांद्यावरून घसरला होता. "वर या!" ती ओरडत होती. "पाय काढा! काढा पाय!" दाजी भांबावून वर चढले. बायकांनी तोंडाला पदर लावले. अव्वा त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बायांनो, भरलेलं वता. आजपासनं उकळून प्या, न्हाईतर दुहेरी फडक्यातनं गाळून प्या. वरीसभर तरी ऐका माझं." एक म्हातारी म्हणाली, "गोड पाणी हाय आमचं. त्यात काय किडं हायत व्हय गाळायला?" आणि डोईवर घागर घेऊन गेली. एकीनंही घागर ओतली नाही.

घरी विहीण वाट बघत होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. "माझ्या लेकाला गावासमोर ओढलाव," ती म्हणाली. "आमच्या गावात हे कधी नव्हतं. तुमच्या मांडवात पाणी पिऊन आलंय माझं पोरगं. पोरगी दिलाव का पीडा दिलाव?"

अव्वानं मान खाली घातली. "खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "मी त्या दिशी गाळायला पायजे होतं. तुम्ही सगळे नगं म्हणलाव तरी गाळायला पायजे होतं."

"घिऊन जावा तुमची लेक."

अव्वा अक्काकडे वळली. "चल. बोचकं बांध."

"मी न्हाई येत," अक्का म्हणाली.

"कामून?"

"मी आले तर हितं कोण गाळंल? ह्यांच्या पायाचा नारू कोण गुंडाळंल? त्यो तुटला तर?" ती दारातून हलली नाही. "माझं कोण ऐकणार न्हाई, ठावं हाय. पर मी येत न्हाई, अव्वा."

विहीण म्हणाली, "राहा. पर तुझ्या त्या फडक्यातलं पाणी मी तोंडाला लावणार न्हाई, सांगून ठेवते." अक्का म्हणाली, "बरं." तेव्हा माझी बहीण जेमतेम सोळासतराची असेल. माझी नात आज त्या वयाची आहे, आणि तिला नारू हा शब्दही माहीत नाही. देशातूनच गेला म्हणतात. बरं झालं.

अव्वानं अक्काला शेजारी बसवून नारू काडीला कसा घ्यायचा, ताण लागला की कसा थांबायचा, ते दाखवलं. दाजी मान वळवून बसले होते. त्यांना आता सगळं कळलं होतं. आम्ही निघालो तेव्हा दिवस कलला होता, बारवेवर संध्याकाळची गर्दी होती, पोरं शेवटच्या पायरीवर ओणवी होऊन ओंजळीनं पाणी पीत होती. गाडीत अव्वा रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि काय करावं ते न कळून मी तिचा पदर धरून बसले.

आप्पांचा नारू सगळा निघाला, पाय वाचला. माझ्या, अक्काच्या, आत्याच्या, अव्वाच्या पायात काही निघालं नाही. का, ते कुणी सांगू शकणार नाही. पण त्यानंतरचं वर्ष आधीच्या वर्षाहून वाईट गेलं, कारण आता आम्ही एका अख्ख्या गावाची वाट बघत होतो. अक्काचा निरोप येई, ठीक आहे, दाजी चालू लागलेत, दोन घरच्या बायका गाळून घेतात, बाकीच्या हसतात. अव्वा विचारी, "आन् सासू?" निरोप्या नाही म्हणून मान हलवी.

पुन्हा उन्हाळा आला. एका दुपारी अव्वा भाकरी थापत होती आणि दारात तिकडचा एक गाडीवान येऊन उभा राहिला. अव्वा तशीच बाहेर आली.

"माझी लेक?"

"लेक बरी हाय. जावई बी बरे हायत. ती दोन घरं बी बरी हायत." त्यानं डोईचं मुंडासं काढून हातात घेतलं. "बाकी घरटी एक माणूस आडवं पडलंय. तुमच्या ईहीणबाईच्या दोन्ही पायांत निघालाय. परवा त्या बारवंकडं निघाल्या व्हत्या, तर तुमची लेक पायरीवर आडवी झोपली. म्हणली, माझ्यावर पाय देऊन उतरा. मग त्या माघारी फिरल्या."

अव्वानं पिठाचे हात पदराला पुसले.

"त्यांनीच धाडलंय मला," गाडीवान म्हणाला. "म्हणल्या, ईहीणबाईला म्हणाव, मी गाळलेलं प्यायलेय आता. तुम्ही या."